शपथ आणि औषध

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. आमच्या तालुक्याच्या गावी ती वस्तीला पाठ आहे, आणि गुत्ताही चालू आहे. पिणाऱ्याला आम्ही कार्यकर्ते विहारात शपथ घालतो. चार दिवसांनी तो पुन्हा प्यालेला दिसला की ‘बाबासाहेबांचे नाव बुडवलेस’ म्हणून हिणवतो. मीही हिणवले आहे. ते चुकले.

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो. ती एकाएकी तोडली की हात कापतात, झोप उडते. काहींना आकडी येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, प्राणही जातो. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे व ब-१ जीवनसत्त्व घेऊन काढावे लागतात. पुढे समुपदेशन, दारू सुटलेल्यांची सोबत आणि हाताला काम. इतके करूनही पाय घसरतो. तो आजाराचा भाग आहे, द्रोह नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. सरकारी उपचार हा त्या रुग्णाचा हक्क आहे. मग तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्यासाठी खाट का मागू नये? शपथ हवीच; पण ती पाळायला माणूस आधी जगला पाहिजे.