सिद्दींच्या रक्तात पदकं शोधताना

कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी राहतात. त्यातले बरेचसे पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. घरात आजही कोकणी बोलतात. 1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाला वाटलं, मूळ आफ्रिकेचं ना, मग धावणारच! विशेष योजनेत सिद्दी मुलं निवडली, प्रशिक्षण सुरू झालं, काही जण राष्ट्रीय स्पर्धांत चमकलेही. पण काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि ऐन उमेदीतली पोरं गावी परतली.

मला त्या गृहीतकाचंच नवल वाटतं. सिद्दींचे पूर्वज बहुतांशी बांतू भाषागटातले, तर मॅरेथॉन गाजवणारे केनियाचे कालेंजिन निलोटिक, म्हणजे वेगळ्याच गटातले. जगातली सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे. तिथल्या सगळ्यांना एकाच मापात कसं बसवणार?

'वेगाचं जनुक' म्हणून गाजलेलं एसीटीएन३ घ्या. स्नायूंना झटपट जोर देणारा त्याचा प्रकार जमैकात सर्रास आढळतो. केनियातही आढळतो! तरी केनियाचं नाव 100 मीटरसाठी नाही, लांब पल्ल्यासाठी आहे. शिवाय त्या प्रकाराची निदान एक प्रत जगातल्या बहुतेक माणसांत असते. जनुकांचा वाटा शून्य नाही, पण एका जनुकावर विजेता ठरत नाही, आणि कातडीच्या रंगावर तर नाहीच.

जमैकात 1910 पासून शालेय 'चॅम्प्स' स्पर्धा भरते आहे. केनियाचे धावपटू सुमारे 2400 मीटर उंचीवरच्या इतेनमध्ये वर्षानुवर्षं घाम गाळतात. सिद्दी मुलांना हवं होतं ते असं सलग प्रशिक्षण, आणि नेमकं तेच त्यांना मिळालं नाही.