मोबाईल गेममध्ये 'मी आलो' की 'मी आले'? पोरींची अडचण समजून घ्या

भोर/वेल्हे : भाताची मळणी उरकून घरी आलो, तर बारावीतली पुतणी पडवीत बसलेली. आमच्याकडं रेंज तिथंच येते. कानात इयरफोन घालून गेम चाललेला. मध्येच ती ओरडली, "थांब भावा, मी आलो!" आजीनं लगेच हटकलं, "अगं, आलो काय म्हणतीस? पोरगी हायेस ना तू?" पुतणी म्हणाली, "आज्जी, 'आले' म्हटलं की खेळ सोडून माझ्याच मागं लागतात."

हा प्रकार नेमका काय आहे, ते आपण समजून घेऊ.

माईकचं काम काय?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हा भारतासाठीचा गेम आला. यात चार जणांचा संघ करता येतो. संघ ऑनलाईन जमतो, त्यामुळं सोबतचे तिघं ओळखीचे असतीलच असं नाही. शत्रू कुठं आहे, कोण जखमी आहे, हे माईकवरून सांगावं लागतं. माईक बंद ठेवला की निम्मा खेळ तिथंच हरला.

मराठीत लपता येत नाही

इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हटलं तर बोलणारा मुलगा की मुलगी, ते शब्दावरून कळत नाही. मराठीत 'येतो' आणि 'येते' यातच ते उघड होतं. हाक मारतानाही मुलाला 'अरे', मुलीला 'अगं'. 'तू आलास' आणि 'तू आलीस' हेही वेगळं.

मग पोरी वाट काढतात. 'मी येईन', 'मी मारलं', 'मला गोळी लागली', 'आम्ही आलो' या वाक्यांत काही कळत नाही. आवाज जाड करून अशीच वाक्यं शोधायची, नाहीतर सरळ 'आलो' म्हणायचं. समोर बंदूक घेऊन शत्रू, आणि पोरगी व्याकरण जुळवतीय! मुलाला हा त्रास नाही.

ओळख कळली की काय होतं? पुतणी सांगते, कुणी 'वहिनी' म्हणून चिडवतो, कुणी नंबर मागतो, कुणी शिव्या देतो. 'ताई' म्हणणारा चांगला वाटतो, पण तोही म्हणतो, "तू मागं थांब, आम्ही बघतो." म्हणजे खेळायला आलेल्या पोरीला प्रेक्षक करून ठेवायचं.

खरं तर 'आलो' हा काही पुरुषांच्या मालकीचा शब्द नाही. कोल्हापूरकडं बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिथं ती बोलीची रीत आहे. आमच्या पुतणीला मात्र ते भीतीपोटी म्हणावं लागतं. फरक एवढाच.

जगात काय बदललं?

१९८६ च्या 'मेट्रॉइड' या जपानी गेमच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत नायकाचा उल्लेख पुरुष म्हणून होता. गेम लवकर संपवणाऱ्याला शेवटी कळायचं, की ती बाई आहे. २०१५ मध्ये 'फिफा १६' या फुटबॉल गेममध्ये पहिल्यांदा महिलांचे १२ राष्ट्रीय संघ आले. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्यात राजी नावाची पोरगी भावाला सोडवायला राक्षसांशी लढते.

मैदानावरची भाषाही बदलली. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं सप्टेंबर २०२१ मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' हा शब्द घेतला. मराठीत ती अडचण नव्हती, कारण 'फलंदाज' दोघांनाही चालतो.

गेममधली नायिका कंपनी बदलू शकते. माईकवर काय बोलायचं, ते मात्र आपल्याच गावातल्या पोरांच्या हातात आहे.

काय करता येईल?

- संघात कुणालाही गेममधल्या नावानं हाक मारा. 'ये', 'थांब', 'मार' हे शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच.
- अनोळखी माणसाशी बोलायचं तर 'तुम्ही' म्हणा. 'तुम्ही आलात' यात भेद नाही आणि मानही राहतो.
- त्रास देणाऱ्याचा आवाज बंद करा, गेममध्येच रिपोर्ट करा. स्क्रीन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ठेवा.
- प्रकार वाढला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तातडीची मदत हवी असेल तर ११२. शब्दानं स्त्रीच्या विनयाचा अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड.
- पालकांनी पोरीचा मोबाईल काढून घेऊ नये. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा तिला, असं होतं. मग पुढच्या वेळी ती घरात सांगणारच नाही.

आमच्या घरात थोरल्या पुतण्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. सुरुवातीला हसला. मग म्हणाला, "काका, आम्ही पण कुणाकुणाला वहिनी म्हणलोय." आता त्याच्या संघात बहीण खेळते, आणि माईकवर 'आले' म्हणते.