दारची बकरी (भाग ४) : आणल्यावरचे एकवीस दिवस

पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवताना कोठ्यातल्या नव्या बकरीकडे कोणाचं तरी लक्ष जातंच. एक पोळी आजीच्या हातची, दोन पोरांच्या हातच्या. दुसऱ्या दिवशी सगळा गाव जाम नदीच्या काठी गोटमार बघायला जातो आणि इकडे बकरी मान टाकून बसलेली असते. संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. नजर लागलेली नसते, पोळी लागलेली असते.

मागच्या आठवड्यात बाजारात दात बघून वय कसं ओळखायचं ते पाहिलं. आज बकरी दारात उतरल्यापासूनचे दिवस. नव्या मालकाची बकरी उपासानं क्वचित दगावते, बहुतेक वेळा लाडानंच दगावते, असं माझं मत आहे.

चार पोटांच्या जनावराचं पहिलं, मोठं पोट म्हणजे सूक्ष्म जिवाणूंची वस्तीच. कुटार, पाला, गवत हे जिवाणू आंबवतात आणि त्यावर बकरी जगते. पण जे ती रोज खाते, तेच पचवणारे जिवाणू तिथे वाढलेले असतात. अचानक पोळी, भात, गहू किंवा ज्वारी भरपूर पडली की पिठूळ अन्नावर जगणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात, लॅक्टिक आम्ल साचतं आणि बाकीची वस्ती मरते. रवंथ थांबते, बकरी दात खाते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. डाव्या कुशीवर मूठ दाबली तर आत पाणी हिंदकळल्यासारखं लागतं. चारशे किलोच्या बैलाला दोन पोळ्यांनी काही होत नाही. पंचवीस किलोच्या बकरीचा हिशेब वेगळा. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न टोपल्यानं बकरीपुढे ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणून गाडीतून उतरली की आधी पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा. मग सावली, कोरडी जागा आणि दोन-तीन तास निवांतपणा. पहिले चार-पाच दिवस दाणा अजिबात नको. तुरीचं कुटार, बोर-बाभळीचा पाला, थोडं वाळलं गवत पुरे. विकणाऱ्याला ती काय खात होती हे विचारून घेतलेलं असेल तर उत्तम, तेच चालू ठेवायचं. मग ढेप किंवा चुन्नी रोज मूठभर, पन्नास ग्रॅमपासून, आणि वाढवत दोन-तीन आठवड्यांत दोनशे-अडीचशे ग्रॅमपर्यंत. त्यापुढे हात आवरता घ्यावा.

नागपूर, वर्धा, अमरावतीकडची बेरारी बकरी घेतली असेल तर हवा-पाणी तिच्या ओळखीचं असतं. हौसेनं राजस्थानची सिरोही किंवा इटाव्याकडची जमुनापारी मागवली असेल तर प्रवासाचा ताण जास्त, आणि सबुरीही तितकीच जास्त लागते.

घरात आधीची बकरी असेल तर नवीला तिच्यापासून एकवीस दिवस लांब ठेवा. पाण्याचं भांडं वेगळं, चारा वेगळा, आणि आधी जुन्या बकऱ्यांचं आटोपून मग नवीकडे जायचं. कारण पीपीआर. हा विषाणूचा रोग 1942 मध्ये आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला पहिल्यांदा नोंदला गेला, भारतात तो 1987 मध्ये तामिळनाडूत दिसला आणि पुढे देशभर पसरला. बाजारात वेगवेगळ्या गावांच्या बकऱ्या एका दाव्याला उभ्या राहतात, तिथेच तो लागतो. पण लागल्यावर चार-सहा दिवस बकरी धडधाकट दिसते. मग सणकून ताप, नाकाडोळ्यांतून चिकट पाणी, तोंडात फोड, हगवण, धाप. औषधानं विषाणू मरत नाही. लस मात्र चांगली आहे, एकदा टोचली की तीन वर्षं निभावते. प्रवासानं दमलेल्या किंवा तापलेल्या बकरीला ती लगेच टोचत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी डॉक्टरांना दाखवून ठरवा. आंत्रविषाराची लस वेगळी, ती दरवर्षी पावसाळ्याआधी.

रोज सकाळी दोन मिनिटं बघत उभं राहावं. रवंथ करते का, लेंड्या सुट्या आणि काळ्या आहेत का? खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. लाल-गुलाबी हवा. पांढरट दिसला, जबड्याखाली सूज आली, तर रक्त पिणारे जंत झालेले असतात. ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची पिल्लं चढतात, म्हणून दव सुकल्यावरच चरायला सोडायचं. अंगाचं तापमान 102 ते 103.5 अंश फॅरेनहाइट असेल तर ते बकरीचं नेहमीचंच. थर्मामीटर मात्र वेगळा ठेवा, घरच्यांवर उपकार होतील.

आपल्या भागात आणखी दोन धोके आहेत. संत्र्याच्या बगीच्यातलं गवत हिरवंगार दिसतं, पण वर फवारणी झालेली असते. पऱ्हाटीच्या बांधाचंही तेच. फवारणी कधी झाली हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तिथलं गवत कापू नका. दुसरा धोका कोवळ्या ज्वारीचा, आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेल्या फुटव्यांचाही. त्यांत सायनाइड तयार होतं आणि बकरी तासाभरात आडवी होते.

बकरीला औषध पाजायचं असेल तर तिचं तोंड वर ओढू नका. डोकं पाठीच्या रेषेत ठेवून गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू, गिळू देत पाजा. नाहीतर औषध फुप्फुसात जातं. अन्न लागलं असेल तर डॉक्टर येईपर्यंत पंधरा-वीस ग्रॅम खायचा सोडा पाण्यात कालवून चालतो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, पण जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर सगळ्या राज्याला एकच आहे, 1962.

एकटी बकरी दोन-तीन दिवस रात्रंदिवस ओरडते. ते भुकेनं नसतं, तिला कळप हवा असतो. जमलं तर सुरुवातीलाच दोन घ्या. एकवीस दिवसांनी जुन्यांत सोडाल तेव्हा टकरा होतील. काठी घेऊन मध्ये पडू नका, चाऱ्याची टोपली एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवा.