सीट दोघांची, निवड एकट्याची?

तुमच्या घरात मोटारसायकल आली तेव्हा रंग कोणता घ्यायचा, हे तुम्हाला विचारलं होतं का? मला विचारलं होतं. मी म्हटलं, "काळा." झालं! माझा सल्ला तिथे संपला. ॲव्हरेज, इंजीन, हप्ता हे सगळं ह्यांनी आणि ह्यांच्या मित्राने पाहिलं. गाडी दारात आली, नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. ह्या गाडीवर मलाही शेकडो किलोमीटर बसायचं आहे, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. अगदी माझ्याही नाही.

आम्ही कराडला राहतो आणि माझं माहेर चिपळूणचं. पाटण, कोयनानगर करत जायचं, मग कुंभार्ली घाट उतरायचा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते, म्हणून महिन्यातून एकदा तरी जायचं असं आम्ही ठरवलेलं. माझी अर्धवेळ शाळा, ह्यांची नोकरी. शनिवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी परत यायचं, तर एसटीच्या वेळा जमत नाहीत. मोटारसायकलच बरी पडते.

पाटणपर्यंत मी मजेत असायची. पुढे मांड्यांना मुंग्या यायला लागत, मग सगळं बधिर होई, आणि घाट लागेपर्यंत माकडहाडातून अशी कळ यायची की विचारू नका. घाटातली ती हिरवी दरी, पावसाळ्यातले धबधबे, लोक मुद्दाम थांबून बघतात. मी डोळे मिटून पुढच्या खड्ड्याची वाट बघत असे. चिपळूणला उतरल्यावर पाच मिनिटं तरी सरळ उभं राहता यायचं नाही.

आता हे सांगायचं कुणाला? डोकं दुखतं म्हणून सांगता येतं, गुडघा दुखतो म्हणून सांगता येतं. पण बसायची जागा दुखते, हे आपण बायका कुणाला म्हणून सांगत नाही. मग मी सबबी काढायला लागले. एकदा पेपर तपासायचे होते, एकदा पाहुणे येणार होते. दोन महिने गेलेच नाही. एका रात्री आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "माझं काही चुकलं का ग?"

फोन ठेवला आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे आधी हसले. म्हणाले, "तुझी कंबरच नाजूक आहे." मी काही बोलले नाही. दुसऱ्या रविवारी मात्र ह्यांच्या मित्राला गाडी चालवायला दिली, ह्यांना मागे बसवलं आणि पाटणला जाऊन यायला सांगितलं. अडीच तासांनी दोघे आले. हे काही न बोलता घरात आले, पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा ना." तर म्हणाले, "नको. उद्या सीट बघू या."

मैत्रिणींनो, पहिली सीट आम्ही चुकीची घेतली, ते आधी सांगते. तुमचे तरी पैसे वाचतील.

दुकानात एक तयार सीट होती. जाडजूड, फुगीर, वर नक्षीची शिवण. हाताने दाबली तर बोटं आत रुतली. अगदी सोफा! आम्ही दोघेही भाळलो. घरी आणून बसवली, गावात फिरलो, छान वाटलं. चिपळूणच्या वाटेवर मात्र तासाभरात पुन्हा तीच कळ, उलट थोडी जास्तच. घाटात पुढे ट्रक अडला म्हणून थांबलो, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. सीट दीड-दोन इंचांनी उंच झाली होती आणि ह्यांचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते. मागे मी, खाली उतार. त्या वेळी मनात जे आलं ते लिहीत नाही.

असं का झालं, ते मला नंतर बाजारपेठेतल्या एका कुशनवाल्याने समजावलं. वयस्क गृहस्थ, सगळा जन्म सीटा बनवण्यात गेलेला. म्हणाले, "ताई, सीट पावासारखी हाताने दाबून बघू नका. गुडघा टेकून, सगळा भार देऊन बघा. गुडघ्याला खालचा पत्रा लागला, की समजा, तासाभराने तुम्हालाही लागणार." आपण बसतो तेव्हा सगळा भार कुल्ल्यांतल्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम त्या दोन ठिकाणी दबत दबत तळाला टेकतो आणि मग आपण जवळजवळ खालच्या कडक तळावरच बसतो. बाजूचा फोम तेवढा फुगलेला राहतो आणि मांड्यांना रेटत राहतो. नव्या कापसाच्या गादीवर पहिल्या रात्री कसं बुडाल्यासारखं होतं आणि सकाळी पाठ धरते, तसलाच प्रकार. दुकानात पाच मिनिटं जे सुख वाटतं, त्याचा शंभर किलोमीटरशी काही संबंध नसतो.

तेव्हा फोम घट्ट हवा. फोमवाले 'डेन्सिटी' म्हणून एक आकडा सांगतात. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. आकडा मोठा म्हणजे फोम दगडासारखा असं मुळीच नाही, पण तो लवकर बसत नाही, वर्षभरात त्याचा पापड होत नाही. आमच्या कुशनवाल्यांनी खाली भक्कम फोम ठेवला आणि वर जेमतेम इंचभर थोडा मऊ फोम सोल्यूशनने चिकटवला. उंची वाढू नये म्हणून जुना फोम आधी तासून घेतला. अंगाला मऊ लागायला वरचा थर, भार पेलायला खालचा.

पण फोमइतकीच महत्त्वाची असते रुंदी, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची मागची सीट शेपटीसारखी निमुळती आणि वर उचललेली असते. दिसायला झोकदार! बसणारी मात्र काठावर लटकते. तुमची रुंदी घरच्या घरी मोजता येते. सायकलवाले लोक वापरतात ती युक्ती आहे. खोक्याचा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा असतो ना, त्याचा तुकडा लाकडी पाटावर ठेवायचा, त्यावर दोन मिनिटं घट्ट बसायचं, पाय थोडे वर उचलायचे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. मी दार लावून, शाळेची पट्टी घेऊन हा उद्योग केला. माझं अंतर १३ सेंटिमीटर भरलं, ह्यांचं ११. बायकांचं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्तच असतं. आणि सीट कोण निवडतं? सीटचा सपाट भाग ह्या दोन हाडांच्या बाहेर दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर तरी हवा, नाहीतर हाडं उतारावर येतात. चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची सीट मागे रुंद आणि पुढे टाकीपाशी अरुंद असावी लागते, कारण त्याला पाय खाली टेकवायचे असतात.

उतारही बघा. सीट पुढे कललेली असली, तर प्रत्येक ब्रेकला आपण पुढे घसरतो आणि घाटभर नवऱ्याच्या पाठीवर आदळत राहतो. त्यांना वाटतं, ही रेलते आहे! वरचं रेक्झिन फार गुळगुळीत असलं तरीही हेच होतं. थोडं खरबरीत घ्या. शिवण मात्र नेमकी बसायच्या जागी येऊ देऊ नका, ती काचते आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत झिरपतं. भिजलेला फोम आठ-आठ दिवस वाळत नाही. आम्ही रेक्झिनच्या खाली प्लास्टिकचा कागद घालून घेतला. कोकणात जायचं म्हणजे हे हवंच.

आता वरून टाकायच्या वस्तूंबद्दल. जेलची गादी भार पसरवते हे खरं, पण उन्हात गाडी उभी केली तर ती तव्यासारखी तापते. हवा भरायची उशी मिळते. ती टम्म फुगवली तर आपण तिच्यावर डुलत राहतो. हाडं खाली टेकणार नाहीत इतपतच हवा ठेवायची, म्हणजे उपयोग होतो. जाळीचं कव्हर स्वस्त आणि मस्त. दुखणं थांबवत नाही, पण खालून वारा खेळतो, घामाने कपडे चिकटत नाहीत, उन्हाळ्यात ते घ्याच. आणि सासूबाईंनी सुचवलेली घोंगडीची घडी? लोकर ऊब धरते तशी हवाही खेळती ठेवते, म्हणून बसायला खरोखर सुखाची. पण आमची घडी एका वळणावर माझ्यासकट सरकली. बांधल्याशिवाय सीटवर काहीही टाकू नका, हे मी अनुभवाने सांगते. मागे बसणाऱ्याची सीट गाडीला पक्की जोडलेली असली पाहिजे, असं १९८८च्या मोटार वाहन कायद्यातच आहे.

कंपनीची तयार सीट घ्यावी की करून घ्यावी? रॉयल एनफील्डसारख्या कंपन्या आपल्या गाड्यांसाठी लांबच्या प्रवासाच्या वेगळ्या सीटा विकतात. त्या नेमक्या बसतात, नटबोल्टची खटपट नसते. पण त्या एका ठरावीक मापाच्या. आपल्या मापाची हवी तर कुशनवाल्यासारखा माणूस नाही. आम्हाला सगळं मिळून साडेबाराशे रुपये लागले. त्या सोफ्याला ह्याच्या दुपटीहून जास्त मोजले होते! सीट त्यांच्याकडे देताना मी स्वतः गेले. त्यांनी आधी फोम नुसता बसवून मला दहा मिनिटं गाडीवर बसवलं, पाय फूटरेस्टवर नीट टेकतात का पाहिलं, मग पुन्हा थोडं तासलं. पाय लोंबकळत राहिले तर सगळा भार बुडावर येतो. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत! चपला नाही का आपण पायात घालून, चार पावलं चालून घेत?

सीटवर पैसे घालण्याआधी एक मात्र करा. टायरमधली हवा तपासा. दोघे बसणार असलात, तर मागच्या चाकात किती हवा हवी, ते गाडीच्या पुस्तकात वेगळं दिलेलं असतं. मागचे शॉकॲब्सॉर्बरही दोघांच्या वजनाला घट्ट करता येतात. मेकॅनिकला सांगितलं की पाच मिनिटांचं काम. कधी कधी बिचाऱ्या सीटचा काही दोषच नसतो.

आणि बसायची पद्धत. गावात साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतो ते ठीक. पण लांब जायचं तर पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकूनच बसा. एका बाजूला बसलं की कंबर सारखी पिळलेली राहते, मग सोन्याची सीट केली तरी पाठ दुखणारच. साडी किंवा ओढणी असेल तर चाकावरची जाळी शाबूत आहे ना, ते बघा. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, असा १९८९चा नियमच आहे. ही जाळी गाडीची 'शोभा घालवते' म्हणून काढून टाकणारे महाभाग असतात. आमच्याकडेही तसा विचार झाला होता. मी होऊ दिला नाही. हेल्मेट दोघांनीही घालायचं, हे काय सांगायला हवं?

तासाभराने उतरून चार पावलं चालायचंच, कितीही चांगली सीट असली तरी. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो आधीच पायांवर भार घेतो. मागचीला काहीच कळत नाही. आमच्याकडे आता "खड्डा!" असं ओरडायचं ठरलं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, नवराबायको भांडताहेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. गाडीवरून उतरल्यावरही चार-चार दिवस माकडहाड दुखत असेल, घरात साध्या खुर्चीवर बसवत नसेल किंवा पायात बधिरपणा राहत असेल, तर तो सीटचा प्रश्न नाही. बाळंतपणात माकडहाडाला इजा होऊन ते दुखणं मागे राहिलेल्या बायका असतात आणि वर्षानुवर्षं बोलत नाहीत. डॉक्टरांना दाखवा. लाजायचं काय त्यात?

गेल्या महिन्यात आम्ही नव्या सीटवरून चिपळूणला गेलो. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. शेवटच्या वीसेक किलोमीटरला थोडं अवघडलंच. पण घाटात मी ह्यांना थांबवलं आणि दरी बघितली, कितीतरी दिवसांनी. घरी पोचलो तर आई दारातच उभी. सीटची सगळी कहाणी तिला फोनवर सांगितलेलीच होती. पुढे आली, हाताने सीट दाबून पाहिली आणि म्हणाली, "अग, ही तर केवढी कडक आहे! थांब, माझी मऊ उशी देते जाताना."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत गेले.