वाढता कारखाना आणि मालकाची नजर

पाच माणसांच्या स्वयंपाकाला दहाने गुणले की पन्नासांची पंगत उठते, असे ज्याने लग्नघर पाहिले नाही तोच म्हणेल. पंगतीला कोठी सांभाळणारा वेगळा लागतो, वाढपी वेगळे लागतात. आणि मीठ कोणी घालायचे हे ठरलेले नसले तर आमटी एक तर अळणी होते, नाही तर दोनदा खारट होते. कारखान्याचेही तसेच आहे. पाच माणसांचा कारखाना आणि पन्नास माणसांचा कारखाना यांत फरक केवळ संख्येचा नाही, जातीचा आहे. हा फरक कोणता आणि तो पार करताना माणसे कोठे अडतात, याचा आज आपण विचार करू.

विषय दूरचा नाही. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत. आणि या साऱ्यांच्या आधाराने चालणारी दुरुस्तीची वर्कशॉपे आहेत. दुसरीकडे आपली शिकलेली मुले नागपूर-पुण्याला जाऊन चारपाच मित्रांच्या जोरावर संगणकाच्या कामाच्या कंपन्या काढतात. त्यांना आता स्टार्टअप म्हणण्याची रीत आहे. एकाचे काम लोखंडाचे, दुसऱ्याचे अक्षरांचे आणि आकड्यांचे. परंतु माणसे वाढू लागली की दोघांपुढे प्रश्न एकच उभा राहतो.

तो प्रश्न प्रथम हिशेबाने समजून घेऊ. पाच माणसे एकत्र काम करीत असली, तर त्यांच्यात परस्परांशी बोलणाऱ्या जोड्या होतात 10. माणसे दहा झाली की जोड्या होतात 45, आणि पन्नास झाली की 1225! माणसे दसपट झाली, पण बोलाचाली शंभरपटीहून अधिक वाढल्या. दिवस मात्र पूर्वीएवढाच राहिला. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत एका प्रचंड संगणक-प्रणालीच्या कामाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 साली आपल्या पुस्तकात या अनुभवाचे सार सांगितले. ते म्हणतात की, मागे पडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते काम अधिकच मागे पडते. ऐकायला हे विपरीत वाटते. पण नवा माणूस कामाला लागेपर्यंत त्याला शिकवायचे कोणी? जे जुने जाणते, त्यांनीच. म्हणजे येणारे हात मोजताना गुंतून पडलेले हातही मोजले पाहिजेत.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींच्या धंद्यापासून आरंभ करून कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे 1903 साली लोखंडी नांगर, अशी त्यांची वाटचाल झाली. लोखंडाने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेच्या विस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि बिनव्याजी 10,000 रुपये दिले. 1910 साली निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह आले. तीच किर्लोस्करवाडी.

हा पंचवीसांचा मेळा वाढला कसा? येथे लक्ष्मणरावांची माणसे पाहण्यासारखी आहेत. बंधू रामुअण्णा यांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. शंभूराव जांभेकर यांचा हात कोणत्याही यंत्रावर चाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण तेथे ते कल्पक इंजिनिअर झाले. आणि रखवालीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही तुरुंगाची शिक्षा भोगून आलेले. ज्यांच्यापासून गाव कुलपे लावून राहत असे, त्यांच्याच हाती वाडीची राखण सोपवली गेली!

यात केवळ औदार्य आहे असे मानू नये; त्यात धंद्याचे शहाणपणही आहे. छोटा कारखाना मालकाच्या नजरेवर चालतो. ओतकाम बिघडले तर मालक पाहतो, लेथवरचा माणूस चुकला तर मालक सांगतो, गिऱ्हाईक रागावले तर मालकच समजूत घालतो. ही नजर फार मोलाची. पण ती एकच असते. हात मजुरी देऊन वाढवता येतात, नजर तशी वाढवता येत नाही. ती वाटावी लागते. आणि नजर वाटायची म्हणजे अधिकार वाटायचा. येथेच पुष्कळ मालक अडतात. माणसे शंभर ठेवतात. पण एक बोल्टही आपल्याला विचारल्यावाचून कोणी घेऊ नये असा त्यांचा आग्रह असतो. मग शंभर माणसे एका माणसाच्या दारात रांग लावून उभी राहतात, आणि त्याला आपण शिस्त म्हणतो.

नजर वाटण्याची साधने तीन. पहिले साधन माप. शेतकऱ्याने आज नेलेला नांगर आणि तीन वर्षांनी मागवलेला त्याचा फाळ एकमेकांत बरोबर बसले पाहिजेत. फाळ घडवणारा मिस्त्री दरम्यान बदललेला असेल. म्हणून नकाशा हवा, लाकडी नमुना हवा, माप तपासण्याचे गेज हवे. जाणत्या मिस्त्रीची नजर गेजमध्ये उतरली की ती नवख्याच्याही हाती देता येते. संगणकाच्या कंपन्यांतही एकाने लिहिलेले काम दुसऱ्याने तपासल्याखेरीज पुढे जाऊ देत नाहीत. तेही गेजच होय.

दुसरे साधन लेखन. पाच माणसांत जी गोष्ट चहा पिताना कळते, ती पन्नासांत कोणाच्या कानी पडेल याचा भरवसा नसतो. किर्लोस्कर बंधूंच्या पेढीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले ते 1920 साली. आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची खबरबात सांगणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत पोचले. काय केले हे तर लिहावेच, पण का केले तेही लिहून ठेवावे. कारण माणूस जातो तेव्हा कामाची रीत कदाचित मागे राहते. तिच्यामागचे कारण मात्र त्याच्याबरोबर निघून जाते.

तिसरे साधन विश्वास, आणि हे सर्वांत कठीण. कारखान्याची संस्कृती भिंतीवरच्या सुविचारांत नसते. चूक झाली तेव्हा ती सांगणाऱ्याचे काय झाले, यात ती असते. खरे सांगणाऱ्याला सर्वांदेखत बोलणी बसली, की दुसऱ्या दिवसापासून चुका थांबत नाहीत; फक्त त्या मालकाच्या कानी यायच्या थांबतात. त्याचप्रमाणे, हाताने कुशल पण सहकाऱ्यांना तुच्छ लेखणारा एक माणूस मालकाने खपवून घेतला, की नवी माणसे तीच येथली रीत समजून शिकतात. पाच जणांत असा दोष झाकून जातो, पन्नासांत त्याचीच परंपरा होते.

तथापि एका जागी जमलेली रीत दुसरीकडे जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. एका माळावर, एका शिट्टीवर जगणाऱ्या वाडीत मालक सर्वांच्या घरचा माणूस असू शकतो. पण हरिहरला 1941 साली यंत्रे बनवणारी यंत्रे करण्याचा कारखाना निघाला, 1946 साली पुण्यात तेल-इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा निघाला. तेथवर एका माणसाची सावली कशी पुरणार? अशा वेळी त्या त्या जागेचा कारभार पाहणारी माणसे आधीच तयार असावी लागतात. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून 1926 साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आले होते, हे येथे लक्षात घ्यावे. 1956 साली लक्ष्मणराव निवर्तले तेव्हा कारखाने चालूच राहिले. मालक नसतानाही त्याची नजर कामावर राहते, यालाच वाढ म्हणतात.

आपल्या भागातील एखादे वर्कशॉप दहा माणसांवर येऊन थबकते, तेव्हा आपण भांडवल नाही, बाजार नाही असे म्हणतो. ती कारणे पुष्कळदा खरीही असतात. पण त्याबरोबर एक प्रश्न स्वतःला विचारावा : मी आठ दिवस आजारी पडलो, तर कोणते काम अडेल? ज्या कामाचे नाव ओठांवर येईल, ते काम उद्याच दुसऱ्या कोणाला तरी शिकवायला घ्यावे. तो आरंभी चुकेल, थोडा माल वाया जाईल, वेळही जाईल. त्या खर्चाला नुकसान समजू नये. ते बियाणे आहे. आणि बियाणे घरात राखून कोणाचे शेत पिकल्याचे ऐकिवात नाही.