कपलर कोणत्या बाजूने पाहायचा?



कातकरी वाडीतल्या मुलांना गाडीच्या वायरिंगचे नकाशे वाचायला का शिकवता, असे मंडळीतल्या काहींनी विचारले. वीटभट्टी आणि कोळसा सुटायला ड्रायव्हिंग पुरे नाही का? उत्तर माझ्याच एका चुकीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या जीपच्या हेडलाइटचा कपलर, म्हणजे बल्बच्या मागे बसणारे प्लास्टिकचे सॉकेट, वितळला. खाऱ्या हवेने पिनांना हिरवा गंज चढतो, गंजलेला सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळते. रत्नागिरीकरांना हे नवे नाही. दुसऱ्या बाजूचा बल्ब आधीच उडालेला. मी नवा कपलर आणला, पुस्तकातला नकाशा पाहून तिन्ही वायरी बसवल्या. दिवा लागला, म्हणून समाधान मानले.

त्याच रात्री तापाने फणफणलेल्या बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन निघालो. घाटात धुके उतरले. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत. डीपर लावला तर निखाऱ्याइतका उजेड. पाऊण तासाच्या वाटेला अडीच तास लागले. मी प्रार्थना करीत होतो आणि स्वतःला दोषही देत होतो. देवाच्या दयेने बाळ बरे झाले.

चूक शोधली ती चौथीत शाळा सुटलेल्या आमच्या एका मुलाने. डीपर लावल्यावर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो, हे त्याने पाहिले. मग कपलर काढून पुस्तकाशेजारी धरला आणि म्हणाला, "सर, हे चित्र पुढून काढलंय. तुम्ही मागून पाहिलंत."

उजवा तळहात डोळ्यांसमोर धरा. अंगठा उजवीकडे दिसेल. हात उलटा करा, अंगठा डावीकडे जाईल. हात तोच, बोटेही तीच. कपलरचेही तसेच. त्याला एक तोंडाची बाजू असते, जिथे पिना जुळतात, आणि एक वायरींची. सहा पिनांच्या कपलरचे लॉक वर ठेवून तोंडाकडून वरची ओळ 1, 2, 3 अशी दिसत असेल, तर वायरींकडून ती 3, 2, 1 दिसते. म्हणून नंबर मोजण्याआधी चित्र कोणत्या बाजूचे आहे ते ठरवायचे आणि लॉक कुठे आहे ते जुळवायचे. नर आणि मादी कपलर समोरासमोर बसतात, त्यामुळे त्यांची तोंडेही एकमेकांची आरशातली रूपे असतात.

आमच्या बल्बाची वरची पिन डीपरची, बाजूच्या दोन म्हणजे अप्पर आणि अर्थ. माझ्याकडून त्या दोघींची अदलाबदल झाली. डीपरचा करंट सरळ अर्थला न जाता अप्परच्या फिलामेंटमधून फिरून जाऊ लागला. 12 व्होल्ट दोघांत वाटले गेले, मग उजेड कुठून येणार?

रिलेत हा घोळ कमी, कारण पायांवर नंबर छापलेले असतात, जर्मन पद्धतीचे: 85 आणि 86 कॉइलचे, 30 बॅटरीकडून येणारा, 87 पुढे जाणारा. पण काही रिलेंत 30 आणि 86 यांच्या जागा बदललेल्या असतात. तेव्हा जागा पाहू नये, नंबर वाचावा. वायरींच्या रंगांच्या अक्षरांत पहिले मूळ रंगाचे, दुसरे पट्ट्याचे. जपानी पद्धतीत निळ्याला 'एल' म्हणतात, कारण 'बी' काळ्याने आधीच घेतलेला! मुलांना हे फार आवडते.

आता आमची मुले नकाशा उघडला की त्यावर पेन्सिलीने आधी एक डोळा काढतात, चित्र जिकडून पाहिलेले आहे तिकडे. मग बॅटरीची निगेटिव्ह काढतात आणि त्यानंतरच कपलरला हात लावतात.

सरावाला कपलर कमी पडतात. ज्यांचे गॅरेज आहे त्यांनी भंगारातले जुने कपलर आमच्यासाठी ठेवावेत. कापताना वायर निदान वीतभर राहू द्या, नाहीतर रंगाचा पट्टा दिसत नाही.