बुधवारची गीतमाला

पुस्तक वाचून झाले तरी कपाटात राहते. चित्र पाहून झाले तरी भिंतीवर राहते. ध्वनीचे तसे नाही. तो ज्या क्षणी कानी पडतो, त्याच क्षणी नाहीसाही होतो. नभोवाणीवरील कार्यक्रमांची तर जन्मापासून हीच रीत. ठरलेल्या वेळी ते हवेतून येतात, घटकाभर घर भरून टाकतात आणि निघून जातात. असे असूनही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे काही कार्यक्रम आज पुन्हा ऐकविले जातात. ते ऐकण्यासाठी लोक वेळ राखून ठेवतात. इतकेच काय, पण कार्यक्रम जसाच्या तसा ऐकविला की त्यात काटछाट केली, यावर प्रौढ माणसे तासन् तास वाद घालतात. ज्यातील प्रत्येक गाणे आज केव्हाही, कोठेही मिळू शकते, त्या जुन्या कार्यक्रमाचे एवढे अप्रूप कशासाठी? याचे उत्तर शोधावयाचे तर आपल्या देशात घरोघरी पोहोचलेल्या एका गीतमालेची हकीकत पाहिली पाहिजे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताची गोडी सामान्य जनतेला लागावी, अशी त्यांची तळमळ होती. थोर गायक-वादकांचे गायन-वादन त्यांच्या काळात आकाशवाणीवरून देशभर पोहोचले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांचा विरोध होता. त्या गीतांवर बंधने आली, चित्रपट-निर्मात्यांशी मतभेद झाले आणि आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ नाहीशी झाली. आवड मात्र हुकमाने बदलत नाही. श्रोत्यांनी आपल्या यंत्राची कळ फिरविली आणि त्यांना समुद्रापलीकडून तीच गीते ऐकू येऊ लागली. तो आवाज होता रेडिओ सिलोनचा.

सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी आपल्या सैनिकांसाठी तेथे एक अतिशय शक्तिमान प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या नभोवाणीच्या हाती आला. एवढ्या लांबचा आवाज आपल्या खेड्यापाड्यांत कसा पोहोचत असे, हे जाणण्यासारखे आहे. नभोवाणीच्या लघुलहरी, म्हणजेच शॉर्टवेव्ह, आकाशाकडे जातात. पृथ्वीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित कणांचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. या थरांतून लहरी वळतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरांवर पुन्हा जमिनीकडे येतात. हे थर मात्र दिवसरात्र सारखे राहत नाहीत. म्हणून आवाज कधी मोठा होई, कधी दूर गेल्यासारखा क्षीण होई, तर कधी मध्येच खरखर सुरू होई. श्रोते यंत्राला कान लावून बसत, ते काही उगाच नव्हे.

बुधवार, ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. 'बिनाका' हे एका टूथपेस्टचे नाव. त्या वेळी आकाशवाणी जाहिराती घेत नसे. रेडिओ सिलोन घेत असे. कार्यक्रमाचे निवेदक होते अमीन सयानी. त्यांचा जन्म मुंबईचा, १९३२ सालचा. म्हणजे कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, ती ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जाई आणि तेथून निघालेला आवाज पुन्हा भारतात येई. मुंबईत बोललेला शब्द मुंबईच्याच माणसाच्या कानी पडण्यासाठी समुद्र ओलांडून जाई आणि परत येई! सयानींची हिंदी सोपी, बोलकी होती. 'बहनो और भाइयो' असे म्हणून ते प्रारंभ करीत. सभेत बंधूंना आधी हाक मारण्याची रीत असताना त्यांनी भगिनींना पहिला मान दिला, हे श्रोत्यांच्या ध्यानी राहिले.

आरंभी या कार्यक्रमात सात गाणी वाजवीत आणि त्यांची क्रमवारी लावण्याची स्पर्धा असे. पहिल्याच कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. एवढी पत्रे वाचणार कोण आणि तपासणार कोण? तेव्हा कार्यक्रमाचे रूप पालटले. कोणते गाणे किती लोकप्रिय आहे, हे ठरवून त्या क्रमानेच गाणी ऐकविण्यास सुरुवात झाली.

लोकप्रियता मोजावयाची कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिला उपाय म्हणजे दुकानांत कोणत्या ध्वनिमुद्रिका अधिक खपल्या, ते विचारणे. पण ध्वनिमुद्रिका कोण घेणार? ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे, तोच. गिरणीतला कामगार, गावच्या हॉटेलात उभे राहून गाणी ऐकणारा मुलगा, यांची आवड या मोजणीत कोठून येणार? शिवाय एखादी ध्वनिमुद्रिका फार खपून दुकानातून संपली, तर पुढच्या आठवड्यात तिचा खप शून्य दिसेल. म्हणजे अति लोकप्रिय गाणेच मागे पडल्यासारखे होईल. म्हणून दुकानांच्या आकड्यांना श्रोता-संघांच्या मतांची जोड देण्यात आली. गावोगावी लोकांनी आपले संघ स्थापिले आणि ते आपली पसंती लिहून कळवू लागले. ज्याच्यापाशी पोस्टकार्डापुरते पैसे आहेत, त्याचेही मत आता जमेस धरले गेले.

या गाण्यांच्या क्रमांकांना सयानी 'पायदान' म्हणत. पायदान म्हणजे पायरी. कार्यक्रम खालच्या पायरीपासून सुरू होई आणि एकेक पायरी चढत शेवटी पहिल्या क्रमांकाच्या गाण्यापाशी येई. पहिला क्रमांक आधीच सांगून टाकला असता, तर पुढे ऐकण्यास कोण थांबले असते? आपले आवडते गाणे वर गेले की खाली आले, या उत्कंठेने मंडळी शेवटपर्यंत बसून राहत. घरोघरी वह्या घातल्या जात. दर बुधवारी रात्री गाण्याचे नाव, चित्रपट, क्रमांक यांची त्यांत नोंद होई आणि दुसऱ्या दिवशी शाळेत, कचेरीत, पानाच्या ठेल्यावर त्यावर खडाजंगी होई. या वह्या लिहिणाऱ्यांना कोणी पगार देत नव्हते. पण पुढे त्यांच्या श्रमाचे मोल फार मोठे ठरले.

आकाशवाणीनेही काळाची पावले ओळखली. १९५७ साली 'विविध भारती' सुरू झाली आणि चित्रपटगीते स्वदेशी केंद्रांवरून पुन्हा ऐकू येऊ लागली. १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिरातींसह प्रसारणही सुरू झाले. तरीही गीतमालेचे श्रोते कमी झाले नाहीत. १९८९ साली ती रेडिओ सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सयानी यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, अशा असंख्य लोकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे कार्यक्रम पुन्हा ऐकविण्याचे तीन प्रकार आहेत आणि चाहत्यांचे सारे वाद त्यांतूनच निघतात.

पहिला प्रकार संकलनाचा. 'सारेगामा' या कंपनीने 'गीतमाला की छाँव में' या नावाने सयानी यांच्या निवेदनासह जुन्या गीतांचे संच काढले. येथे निवेदक तोच आहे. पण तो आज मागे वळून बोलत आहे. दुसरा प्रकार पुनर्रचनेचा. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.चा 'पिक ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. पुढे त्याचे स्वरूप बदलले. आता त्यात एखाद्या जुन्या वर्षाची लोकप्रिय गाण्यांची यादी घेतात आणि आजचा निवेदक ती नव्याने सादर करतो. तिसरा प्रकार खऱ्या पुनःप्रसारणाचा. अमेरिकेत जुलै १९७० मध्ये 'अमेरिकन टॉप फॉर्टी' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निवेदक केसी केसम हे योगायोगाने सयानींप्रमाणेच १९३२ साली जन्मलेले. ते चाळिसाव्या गाण्यापासून निघून पहिल्यापर्यंत येत. हा कार्यक्रम दर आठवड्याला मोठ्या ध्वनिमुद्रिकांवर उतरवून निरनिराळ्या केंद्रांकडे पाठविला जाई. त्यांपैकी पुष्कळ ध्वनिमुद्रिका टिकल्या. म्हणूनच केसम २०१४ साली वारले, तरी सत्तरीतील आणि ऐंशीतील त्यांचे मूळ कार्यक्रम त्यांच्याच आवाजात पुन्हा प्रसारित होत राहिले.

सर्वच कार्यक्रमांना असे भाग्य लाभत नाही. ध्वनिफीत महाग असे आणि तिच्यावरील जुना आवाज पुसून नवा भरता येई. बी.बी.सी.सारख्या मोठ्या संस्थेनेही आपल्या कितीतरी फिती अशा पुसल्या. काही कार्यक्रम श्रोत्यांनी घरच्या कॅसेटवर उतरवून घेतले म्हणूनच वाचले. त्यांत खरखर असते. कोठे कोठे तर घरातील भांड्यांचा आवाजही शिरलेला असतो.

चाहते वाद घालतात तो असा. एक पक्ष म्हणतो, जुन्या जाहिराती, लांबलेली बोलणी आणि आज कोणालाही न आठवणारी गाणी गाळावीत. ऐकणाऱ्याचा वेळ वाचेल. खरखरही काढून टाकावी. दुसरा पक्ष म्हणतो, एक शब्दही गाळू नये. पहिल्या पक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नव्या श्रोत्याला जुना कार्यक्रम आवडावा, तर तो ऐकू येण्याजोगा असला पाहिजे आणि नभोवाणीपाशी वेळही मोजकाच असतो. असे असले तरी दुसऱ्या पक्षाच्या हट्टामागे एक मोठे सत्य आहे.

ते सत्य असे की, जुन्या ध्वनिमुद्रणाला पुढचे काही ठाऊक नसते. आज आपण मागे पाहून म्हणतो, अमुक गाणे अजरामर आहे. पण त्या आठवड्याच्या यादीत ते कदाचित बाराव्या पायरीवर उभे असेल आणि पहिल्या पायरीवर असे गाणे असेल, की ज्याचे नावही आज कोणी घेत नाही. ज्या नवख्या गायकाची निवेदक एका वाक्यात ओळख करून देतो, तो पुढे केवढा मोठा होणार, हे त्या निवेदकाला माहीत नसते. आपल्याला ते माहीत असते आणि ऐकताना अंगावर काटा येतो. मागाहून केलेल्या संकलनात ही गंमत राहत नाही. आपली स्मृती नेहमी विजेत्यांनाच लक्षात ठेवते. हरलेले, विसरलेले सारे गाळून टाकते. अखंड ठेवलेला जुना कार्यक्रम त्या स्मृतीला दुरुस्त करतो. त्यातील जाहिरातीवरून तेव्हा घराघरांत काय विकत घेत, ते कळते. निवेदकाच्या बोलण्यावरून तेव्हा परक्या माणसाला कसे संबोधीत, ते कळते. म्हणून प्रसारणासाठी हवी तर छाटलेली प्रत वापरावी. मात्र मूळ प्रत अखंड जपून ठेवावी, हाच यातला शहाणपणाचा मार्ग होय. छाटलेले पुन्हा जोडता येते, ते मूळ हाती असेल तरच.

ज्या श्रोत्यांनी बुधवारच्या रात्री वह्यांत क्रमांक लिहून ठेवले, त्यांना आपण इतिहास लिहीत आहोत, याची कल्पनाही नव्हती. त्यांना गाणी आवडत होती, एवढेच. पण ध्वनिफिती हरवल्या, पुसल्या गेल्या, तेथे त्या वह्या कामी आल्या. तुमच्याही घरी अशी एखादी वही, एखादी कॅसेट माळ्यावरच्या पेटीत पडलेली असेल. ती रद्दीत जाण्यापूर्वी उघडून पाहा. आणि जिच्या अक्षरात ती लिहिलेली आहे, ती व्यक्ती घरात असेल, तर तिला त्या बुधवारांविषयी विचारा. ती जे सांगेल, तेही तारीख घालून लिहून ठेवा.